भंगारातली खेळणी : बेळगाव-शहापूर, १९६५ ते १९७५

किल्ला, कमलबस्ती, कपिलेश्वराचा तलाव, छावणीतली गोऱ्यांची थडगी, असे एकेक विषय आपल्या मंडळात होऊन गेले. दगडावर काही कोरलेले असले की आपल्याला हुरूप येतो. या वेळी मी घेतलेल्या विषयावर एकही शिलालेख नाही, ताम्रपट नाही, आणि ज्या वस्तूंबद्दल बोलायचे त्यांतल्या बहुतेक त्या त्या वर्षीच चुलीत, बंबात किंवा गटारात गेल्या. विषय आहे खेळणी. तीही दुकानातली कमी आणि उकिरड्यावरची जास्त.

विषय ऐकल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी बेळगावी सुरात विचारलेच, "ह्यात इतिहास कुठला आला ओ?" आला की. त्या काळात खेळणे विकत आणायला पैसा नसे, म्हणून ते आजूबाजूच्या धंद्यातून जे उरेल त्यातून तयार व्हायचे. सायकलवाल्याच्या गल्लीतल्या पोराकडे रबर, विणकराच्या गल्लीतल्या पोराकडे कांडी, शिंप्याच्या शेजाऱ्याकडे रीळ, कॅम्पातल्या पोराकडे बुटाच्या पॉलिशची डबी. पोराचा खिसा उलटा केला की बापाचा नाही तर निदान शेजाऱ्याचा धंदा बाहेर पडायचा. खडेबाजारापासून वडगावापर्यंत चालत जाऊन पोरांचे खिसे तपासले असते तर गावाचे औद्योगिक सर्वेक्षण फुकटात झाले असते.

काळ कसला होता ते आधी सांगतो. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झाले. त्याच सुमारास पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडायला सांगितले. आमच्या घरी सोमवारचा उपास आधीपासूनच होता, त्यामुळे देशकार्य आणि शंकराची सेवा एकाच उपाशी पोटात उरकली. लागोपाठ दोन वर्षे देशात पावसाने दगा दिला. ६ जून १९६६ ला रुपयाचे अवमूल्यन झाले, ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर ७ रुपये ५० पैशांना गेला. अमेरिकेतून पीएल-४८० करारातून गहू आला, मिलो आला. मिलो म्हणजे लाल जोंधळा. त्याची भाकरी इतकी कडक की तिची लगोरी रचता आली असती. पण आईच्या हाती सापडलो असतो तर तिने आमचीच रचली असती. मग १९७२ चा दुष्काळ, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, रॉकेलच्या रांगा लागल्या. ही दहा वर्षे म्हणजे माझ्या पिढीचे खेळायचे वय.

आता या काळाबद्दल आम्ही साठी ओलांडलेले लोक एकत्र जमलो की एक वाक्य ठरलेले असते : "आमच्या वेळी सगळं फुकटात होतं, आणि मजा केवढी!" मजा होती, हे खरे. फुकटात होते, हे मला पटत नाही. टंचाईच्या दिवसांत भंगारही फुकट नसते. उलट वस्तू जितकी महाग, तितके तिचे भंगार उशिरा पोरांच्या हाती येते. सायकलची ट्यूब घ्या. आधी तिला ठिगळे लागायची. ठिगळांवर ठिगळे बसून ती अजगरासारखी दिसू लागली की तिचे पट्टे कापून कॅरिअरला बांधायला जायचे. त्या पट्ट्यांतले तुटलेले तुकडे गळक्या नळाला गुंडाळले जायचे. तिथूनही जे उरेल ते आमच्या बेचकीला. म्हणजे पोराच्या हातातले रबर हे त्या ट्यूबचे चौथे आयुष्य. रांगेत आम्ही शेवटी उभे होतो, रेशनच्या दुकानासारखेच.

बेळगाव आणि सायकल हे नाते जुने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगरही इथलाच, आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवते झाले. कारखाना गेला पण सायकलची दुकाने राहिली, आणि आमच्या लेखी तीच खेळण्यांची वखार. तिथला सर्वांत मोठा दागिना म्हणजे रिंग. तारा काढलेले, गंजलेले, किंचित पोचे आलेले चाकाचे लोखंडी कडे. त्याच्या खाचेत काठी बसवून ढकलत पळायचे. ज्याच्याकडे रिंग तो मोटारवाला, ज्याच्याकडे नुसता टायर तो बैलगाडीवाला. टायरला काठीने बडवत न्यावे लागे, तो मध्येच लवंडायचा, आणि पावसाळ्यात त्यातले पाणी तोंडावर उडायचे. रिंग असलेला मुलगा चालत कुठे जातच नसे. त्याला कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला पाठवा, तो आधी तोंडाने इंजिन सुरू करणार, गिअर टाकणार, हॉर्न देणार आणि मग निघणार. आणि परत येताना कोथिंबीर विसरणार.

ही रिंग सायकलवाला फुकट देत नसे, भंगारवाला तिचे वजनावर पैसे देत होता. मग सौदा व्हायचा. आठवडाभर शाळा सुटल्यावर पंपाने हवा भरायची, पंक्चर बघायच्या पत्र्याच्या टबात पाणी ओतायचे, पाने उचलून द्यायचे. आठव्या दिवशी रिंग. मला वाटते आमच्यातल्या कित्येकांची पहिली नोकरी हीच. तिची पावती नाही, हजेरीपट नाही, त्यामुळे कुठल्याही नोंदीत ती सापडणार नाही. बेअरिंगच्या गाडीची गोष्टही तशीच. लॉरीच्या गॅरेजातून झिजलेली बेअरिंगे मिळवायची, फळीला दोन मागे आणि एक पुढे लावायचे, आणि उतारावरून सोडून द्यायचे. आवाज असा की गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दुपारची झोप म्हणून काही उरले नाही. तिला ब्रेक नसे. ब्रेक म्हणजे चपलेची टाच, आणि चप्पल नसेल तर स्वतःची.

शिंप्याकडचे लाकडी रीळ मात्र खरोखर फुकट मिळे, म्हणून ते सगळ्यांकडे. रिळाच्या भोकातून रबराचा तुकडा ओवायचा, एका बाजूला छोटी काडी, दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती आणि लांब काडी. लांब काडी फिरवून पीळ भरला आणि जमिनीवर ठेवले की ते रीळ स्वतःच सावकाश सरपटत पुढे जाते. वाटेत पुस्तक आडवे ठेवले तर त्यावर चढते. १९६५ पर्यंत याला आमच्याकडे काही खास नाव नव्हते. युद्धात पॅटन रणगाड्यांची नावे वर्तमानपत्रात आली आणि एका आठवड्यात गावातले प्रत्येक रीळ पॅटन झाले. अडचण एवढीच होती की पॅटन शत्रूचा, आणि शत्रू व्हायला कुणी तयार नसायचे. शेवटी ज्याचे रबर सैल, तो पाकिस्तान.

आता शहापूर-वडगावकडे वळतो, कारण माझ्या मते या विषयाचे खरे घर तिथे आहे.

शहापूर हे १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगावला चिकटलेले, तरी राज्य वेगळे. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात मागांची खटखट पहाटेपासून असायची. साड्या विणणारी घरे, बहुतेकांचे माग घरातच, खड्ड्यात पाय सोडून बसायचे. माग चालवतो एक माणूस, पण त्याच्यामागे घरातले सगळे राबत असतात. ताणा करायचा, आणि बाणाच्या सुतासाठी कांड्या भरायच्या. कांड्या भरणे हे बायकांचे आणि पोरांचे काम. रहाट फिरवत बसायचे, कांडी भरली की टोपलीत टाकायची, दुसरी लावायची. शाळेतून आलेल्या पोराला आई "हातपाय धू" म्हणायच्या आत "कांड्या भर" म्हणत असे.

आणि याच कांड्या म्हणजे तिथल्या पोरांची खेळणी. फुटकी कांडी दिवाळीच्या किल्ल्यावर तोफ व्हायची. आपल्याकडे दिवाळीत पोरे मातीचे किल्ले करतात, त्यात कुणाच्या बुरुजावर काय आहे यावरून मी आजही सांगू शकतो की किल्ला कुठल्या गल्लीतला. वडगावच्या किल्ल्यांवर कांडीच्या तोफा, कॅम्पाकडच्या किल्ल्यांवर पॉलिशच्या डब्यांचे हौद, आणि आमच्यासारख्या कारकुनांच्या घरांतल्या किल्ल्यांवर जुन्या टाकांचे भाले. चार कांड्यांची चाके आणि काड्यापेटी मिळून बैलगाडी. तुटक्या सुताचा गुंता घट्ट गुंडाळून चेंडू. असा चेंडू लागत नाही, फुटत नाही, पण भिजला की विटेएवढा जड होतो.

माझा एक वर्गमित्र विणकराच्या घरातला. त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीने लिहितो. नाव नको म्हणाला. धोटा तुम्ही पाहिला असेल. लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांना धातू बसवलेला, मध्ये पोकळ खण, त्यात कांडी बसते. ताण्याच्या सुतांमधून इकडून तिकडे धावतो तो हाच. पोराच्या डोळ्याने पाहिले तर ती होडी आहे, दुसरे काही असूच शकत नाही. १९६६ चा पाऊस सुरू झाला होता, गल्लीतून गुडघाभर पाणी वाहत होते आणि सगळ्यांच्या कागदी होड्या दहा पावलांत बसत होत्या. याने कोनाड्यातला धोटा काढला. जुना आहे, वापरात नाही, अशी त्याची समजूत. मधल्या खणात एक चिंचोका बसवला, तो कप्तान. होडी अशी गेली म्हणे की गल्लीच्या टोकापर्यंत पोरे ओरडत मागे धावली. दोन-तीन फेऱ्या झाल्या. मग कोनाड्यात परत ठेवला.

तो धोटा जुना होता, पण बाद नव्हता. चालू धोट्याचे टोक गेले की तोच लावायचा होता, आणि टोक त्याच आठवड्यात गेले. भिजून लाकूड फुगलेले. फुगलेला धोटा नीट धावत नाही, सुतात अडकतो, एक धागा तुटला की दहा तुटतात. नवा आणायला पैसे नव्हते. अवमूल्यनानंतरचे दिवस, सुताचे भाव चढलेले, व्यापारी उधारी देईना. वडिलांनी तो चुलीच्या उबेला ठेवून वाळवला, मग पॉलिशपेपरने घासत बसले. चार दिवस माग बंद. "मारलं असतं तर बरं झालं असतं," मित्र म्हणाला. मारले नाही. विचारलेही नाही. फक्त धोट्याच्या खणातून चिंचोका काढून त्याच्या हातात दिला. माग पुन्हा लागल्यावर उरलेले काम भरून काढायला हा तीन आठवडे शाळेत आला नाही, घरी कांड्या भरत होता. आम्हाला वाटले, तापाने आजारी आहे. त्याने तसेच सांगितले होते.

फुकटच्या खेळण्यांचे कौतुक ऐकले की मला ते चार दिवस आठवतात. पण याच मित्राला मी विचारले, इतके झाल्यावर होडीची मजा आठवते का? तर साठी उलटलेला हा माणूस खुर्चीत पुढे सरकून दोन्ही हातांनी दाखवायला लागला, पाणी कसे वळले आणि होडी कशी पुढे गेली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, तेव्हा इतिहासात दोन्ही लिहायला हव्यात.

खेळण्यांच्या बाजारपेठेबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण अर्थशास्त्र आम्ही तिथे शिकलो. चलन म्हणजे काड्यापेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे. गोल आखून त्यात पाकिटे मांडायची, लांबून चपट्या दगडाने उडवायची, गोलाबाहेर गेली ती आपली. प्रत्येक पाकिटाची किंमत ठरलेली. पिवळे चारमिनार सगळीकडे सापडे म्हणून ते दहा, पासिंग शो पन्नास, सीझर्स शंभर. कॅम्पात लष्कराची वस्ती, तिथल्या पोरांकडे कधी कधी असली पाकिटे यायची की त्यांची किंमत ठरवायला सभा भरायची. ही व्यवस्था वर्षभर नीट चालली. मग एकाचा मामा पानपट्टीवर कामाला लागला आणि भाच्याने चारमिनारची पोतीच आणली. आठ दिवसांत गल्लीत चारमिनारला कुणी विचारेना. मोठ्या पोरांनी बैठक घेऊन जाहीर केले, "आजपासनं चारमिनार दोन." ज्यांनी वर्षभर उन्हातान्हात हिंडून गटारातून पाकिटे वेचून साठवली होती ती लहान पोरे रडली. नंतर महाविद्यालयात चलनवाढीवर व्याख्यान ऐकताना मला नवे असे काही कळले नाही.

खऱ्या चलनातूनही खेळणी यायची. दुसऱ्या महायुद्धात तांबे कमी पडले म्हणून सरकारने १९४३ पासून मध्ये मोठे भोक असलेला पैसा काढला, तो १९४७ पर्यंत पडत होता. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि हळूहळू हे पैसे व्यवहारातून गेले. एका टंचाईतून जन्मलेले नाणे दुसऱ्या टंचाईत आमच्या कामी आले. सुतार ते वायसर म्हणून वापरत, आम्ही गाडीच्या चाकाला लावत असू, किंवा भोकात बूच ठोकून त्यात काडी खोचून भिंगरी करत असू. माझ्या आजीने मात्र तिच्याजवळचे असे पैसे दोऱ्यात ओवून पेटीत ठेवले होते. हात लावू द्यायची नाही. "चालतील परत," म्हणायची. सरकारे येतात-जातात, भोकाचा पैसा खरा, अशी तिची श्रद्धा.

पोकळ दांड्याच्या चावीचा उद्योग मात्र लिहू की नको असे झाले आहे, नातवंडे वाचतात. काडीच्या टोकाचे गूल चावीच्या भोकात खरवडून भरायचे, वरून खिळा बसवायचा, दोन्हीला सुतळी बांधून खिळ्याचे डोके भिंतीवर आपटायचे. बार असा निघे की शेजारचे कुत्रे दोन दिवस त्या बोळात येत नसे. गावातल्या किती ट्रंकांच्या चाव्या याच कारणाने हरवल्या याची गणना झालेली नाही. आपटताना तिलकवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ उभे राहायचे. गाडी आली तर तिच्या आवाजात आपला खपून जातो, ही त्यातली युक्ती. रुळावर खिळे ठेवून सुऱ्या करणारी मंडळीही तिथेच असत. त्यांच्याबद्दल एवढेच म्हणतो की सगळे जिवंत राहिले, हे नवल.

मुलींची खेळणी कमी तुटायची, कारण त्यांना खेळायला वेळच कमी मिळे. सागरगोटे, चिंचोके, कवड्या, ठिक्करीसाठी कौलाचा तुकडा. खर्च शून्य, जागा उंबऱ्याएवढी, आणि आईने हाक मारली की एका मुठीत आवरता येईल असे सगळे. बाहुली मिलोच्या, गव्हाच्या पोत्याच्या कापडाची. दोन हात मिळवलेले ते अमेरिकन मदतीचे चित्र एका बाहुलीच्या बरोबर पाठीवर आलेले मला आठवते. जिवंत बाहुलीही होतीच. थोरल्या बहिणीच्या काखेतली बाहुली घरोघरी दर दोन वर्षांनी नवी येई, आणि ती चावीशिवाय रडायची.

फुटक्या बांगड्यांच्या काचा हा मुलींचा खजिना. दिव्याच्या ज्योतीवर काच तापवून वाकवायची, एकात एक अडकवून माळ करायची. रॉकेलच्या रांगांच्या दिवसांत यासाठी दिवा जाळणे म्हणजे गुन्हा, तो दुपारी आई झोपल्यावर व्हायचा. तसेच तीन काचपट्ट्या, पुठ्ठ्याची नळी आणि बांगड्यांचे तुकडे यांचे शोभादर्शक. माझी आजी या सगळ्याला काही म्हणत नसे. फक्त कुणी एकदम ओंजळभर हिरव्या काचा आणल्या, सगळ्या एकसारख्या, तर ती हातातले काम टाकून यायची आणि एवढेच विचारायची, "कुणाच्या घराकडनं आणलीस ह्या?" उत्तर ऐकून काचा काढून घ्यायची आणि परसात पुरायची.

विकतची खेळणी नव्हतीच असे नाही. आपला जिल्हा तर त्यासाठी प्रसिद्ध. गोकाकची रंगवलेली लाकडी आणि मातीची फळे इतकी हुबेहूब, की आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने पेरू चावून पाहिला होता. दात की पेरू, काय आधी गेले ते सांगत नाही. पण ही फळे मांडायची, गौरीपुढे आणि हळदीकुंकवाला. खेळायची नाहीत. आंबोली घाटाखालून सावंतवाडीची लाखकामाची भातुकली यायची, तीही कपाटात. खेळता येईल अशी विकतची वस्तू म्हणजे खानापूरकडच्या कुंभारांची मातीची चूल-बोळकी आणि ज्येष्ठी अमावास्येचे बैल. ही मातीच्या बैलांची अमावास्या, कानडीत मण्णेत्तिन अमावास्या. बैलांची जोडी आणायची, पूजा करायची आणि मग विसर्जन. पूजा झाल्यापासून विसर्जनापर्यंतचे काही तास हे आमचे. देवाला मध्येच शेतीला जुंपतात म्हणून आई ओरडायची. शिंग मोडायचे ते तेव्हाच.

जत्रेतला पत्र्याचा बेडूक, दाबला की टिक-टिक वाजणारा, हा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. वरून हिरवा रंग, आणि उलटा केला की आत तेलाच्या डब्याची अर्धी अक्षरे छापलेली दिसायची. तोही आमच्यासारखाच, भंगारातून आलेला.

शेजाऱ्यांकडे चावीची मोटार होती. पोर्तुगीज काळात गोव्यात परदेशी माल सहज मिळे, इकडे आयातीवर निर्बंध, त्यामुळे १९६१ च्या आधी मडगावहून आलेली ती निळी मोटार म्हणजे साऱ्या गल्लीचा अभिमान. काचेच्या कपाटात तिचा मुक्काम. चावी मालकिणीच्या कमरेला, तिजोरीच्या चावीशेजारी. दिवाळीत एकदा, सर्वांनी हात धुऊन बसायचे, आणि मोटार सतरंजीवरून तीन फेऱ्या करायची. तिच्या साऱ्या आयुष्यात ती शंभरएक फूट चालली असेल. आज ती अजून आहे, रंगसुद्धा उडालेला नाही. परवा मी ती बघून आलो. मागच्या साठ वर्षांतले त्या गल्लीतले हे एकच खेळणे शिल्लक आहे, आणि ते शिल्लक आहे कारण त्याच्याशी कुणी खेळले नाही. उद्या कुणी बेळगावच्या बालपणाचे प्रदर्शन भरवले तर काचेआड ही मोटार आणि गोकाकचा पेरू दिसेल. रिंग, कांडी, रीळ, चारमिनार दिसणार नाही. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की अजून हातांना आठवते तोवर त्या वस्तू पुन्हा करून घ्याव्यात. रिळाचा पॅटन मी करून आणतो. लाकडी रीळ मात्र कुणाकडे असेल तर द्या, हल्ली प्लास्टिकचे येतात, ते फरशीवर घसरतात.

शेवटी विटीदांडू. कानडी मुले याला चिण्णी-दांडू म्हणत, भोवऱ्याला बुगरी. हरताळाच्या दिवशी रस्ते मोकळे असत, म्हणून सीमाप्रश्नाचा आम्हा पोरांना झालेला एकमेव फायदा म्हणजे विटीला मिळालेले मैदान. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ च्या ऑगस्टात त्याचा अहवाल आला, घरोघरी वाद पेटले. आणि आम्ही दोन्ही भाषांची पोरे गल्लीत दांडूने अंतर मोजत होतो : वकट, लेंड, मुंड, नाल. ही मोजणी मराठी नाही. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, अशी ती कानडीपेक्षाही तेलुगूला जवळची. दुकानात ओंदु-एरडु म्हणणारा माझा कानडी मित्र आणि एक-दोन म्हणणारा मी, मैदानात उतरलो की दोघेही वकट-लेंडवर यायचो, आणि ही भाषा कुणाची असे कुणीही विचारल्याचे आठवत नाही. जितके माप पडेल त्याप्रमाणे विटी पायावरून, मुठीवरून, डोळ्यावरून मारायची.

नालपर्यंत एकमत असे. पाचव्यापासून पुढे आमची गल्ली एक म्हणे, वडगाव दुसरेच म्हणे, आणि तिथे दांडू उगारले जात. तुमच्या गल्लीत पाचव्याला, सहाव्याला आणि सातव्याला काय म्हणत, ते गल्लीच्या नावासकट मंडळाकडे लिहून पाठवा.